परब सरांनी निवडलेलं पिस्तूल

"सर, कोणतं पिस्तूल चांगलं?" असं परब सरांना विचारणाऱ्याची धडगत नसे. ते हातातला तेलकट फडका बाकावर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि उलट विचारत, "चप्पल खंयची बरी?" समोरचा गडबडायचा. "ती कोणाच्या पायात जातली ता नको बघूक? हात दाखव." मग खिशातून सुतळीचा एक तुकडा निघे. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत ते माप घेत, सुतळीला गाठ मारत आणि गाठीकडे असे बघत राहत की आपल्याला वाटावं, आपल्या हातात काहीतरी खोट निघाली. आमच्या नेमबाजीच्या क्लबात त्यांच्या परवानगीशिवाय पिस्तुलाला बोट लावता येत नसे, आणि ती परवानगी सुतळीच्या गाठीनंतरच मिळे.

हे सगळं मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. परवा त्यांच्या शोकसभेत त्यांना "संस्थेचे जुने सेवक" म्हणण्यात आलं. सेवक म्हणे. परळच्या एका बंद गिरणीमागच्या आमच्या रेंजवर जेवढी हत्यारं धड चालत होती, ती त्या माणसाच्या बोटांमुळे चालत होती. सर मूळचे गिरणीच्या वर्कशॉपमधले फिटर. गिरणी गेली, तसे ते कुडाळकडची मालवणी आणि कानशींची पेटी घेऊन आमच्या क्लबात आले. आम्ही पोरं त्यांना 'सर' म्हणायचो. कमिटीतले लोक 'परब' म्हणायचे आणि आमच्या 'सर'ला नाक मुरडायचे. कोचच्या शर्टावर क्लबचा बिल्ला असे. परब सरांच्या शर्टावर तेलाचे डाग, एवढाच काय तो फरक. कोचला मात्र सुतळीची गाठ कशाला मारतात हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी ठाकूरद्वारहून बसने यायचे. वय एकोणीस, हात लहान, डोक्यात वारं. काचेच्या कपाटात तेव्हा एक नवंकोरं परदेशी पॉइंट टू टू पिस्तूल आलं होतं. क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी ते स्वतः पसंत केलं होतं, म्हणजे कॅटलॉगमधला फोटो बघून. राज्याच्या निवड चाचणीला मी तेच वापरावं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मीही हुरळले. सरांनी दोन पिस्तुलं रिकामी करून माझ्यापुढे ठेवली. एक ते झगझगीत, दुसरं जुनं, काळा मुलामा उडालेलं. "डोळे मिट. हात उचल. भिंतीकडे धर. आता उघड." नव्या पिस्तुलाची नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेच्या डावीकडे पळालेली दिसली. मी मनगट वळवून ती जागेवर आणली तर सरांनी टपली मारली. "साठ गोळये तू असाच मनगट मुरगळतलंस?" जुनं उचलून डोळे उघडले तर माशी खाचेत सरळ उभी. मी पुन्हा केलं, दहादा केलं. प्रत्येक वेळी तसंच.

"चमकता कसा ता बघू नको. हातात बसता कसा ता बघ," सर म्हणाले आणि त्या जुन्या पिस्तुलाची लाकडी मूठ काढून घेऊन बसले. पुढचे आठ दिवस कानस, पॉलिश पेपर आणि लाकडात भरायची लांबी हाच त्यांचा संसार होता. रोज मी मूठ पकडायची, त्यांनी कुठे चामडी पांढरी पडते ते बघायचं आणि तेवढंच घासायचं. मग पाच जातींच्या गोळ्या आणल्या. प्रत्येकीच्या दहा झाडायला लावल्या आणि कागदावर पडलेल्या भोकांच्या झुबक्यांवर चहाचा पेला उपडा ठेवून बघितला. जिचा झुबका पेल्याखाली सर्वांत लहान, ती गोळी माझी. "बॅरलाक पण जीभ आसता. आवडता ताच खाता."

त्यांचा एक नियम मात्र चहाच्या पेल्यासारखा मजेचा नव्हता. या गोळीचा पेटणारा मसाला तिच्या बुडाच्या काठात असतो. घोड्याची पिन मधोमध बसत नाही, काठावर बसते. म्हणून रिकाम्या पिस्तुलाचा घोडा नुसता दाबलात तर ती पिन गोळी बसते त्या चेंबरच्या कडेवर आपटते. आणि गोळी सुटल्यावर रिकामं टरफल बाहेर खेचणारं लोखंडी नखही त्याच काठाला धरतं. त्या नखाखाली केसाएवढी घाण गेली की टरफल आतच अडकतं, खेळ खलास. म्हणून ती जागा ते आगकाडीच्या टोकाला फडका गुंडाळून साफ करत आणि तिथे दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

आता खंडेनवमीचं. आमच्याकडे पोळपाट-लाटण्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला त्या दिवशी कुंकू लागतं, तर हत्यारांच्या क्लबात पूजा होणारच. सर देवभोळे होते, पण त्यांची पूजा वेगळी. हत्यारं स्वच्छ पुसून पांढऱ्या पंचावर मांडायची, समोर विड्याचं पान ठेवायचं आणि हळदकुंकू, अक्षता, नारळाचं पाणी जे काय असेल ते त्या पानावर. "देवाक नमस्कार होयो, लोखंडाक कुंकू नको." त्या वर्षी थोरल्या भावाच्या बाराव्याला त्यांना गावी जावं लागलं. जाण्याआधी माझं पिस्तूल साफ करून, पंचात गुंडाळून ते ठेवून गेले. कोणी हात लावू नये असं सेक्रेटरी साहेबांना दोनदा सांगून गेले.

नवमीला साहेबांनी पाहुणे बोलावले होते, फोटोवाला बोलावला होता. पंचावर मांडलेल्या हत्यारांचा फोटो चांगला येत नाही, असं फोटोवाल्याने म्हटल्याबरोबर साहेबांनी नारळाच्या पाण्यात बोट बुडवून कुंकू कालवलं आणि माझ्या पिस्तुलासकट एकेकाच्या, टरफल बाहेर पडतं त्या उघड्या भागावर ठसठशीत टिळे ओढले. पूजेचं ताट माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "साहेब, सर तिथे लावत नाहीत." ते हसून पाहुण्यांना म्हणाले, "आमचे फिटर आता भटजींना शिकवणार." सगळे हसले. मीही हसले, हे लिहायला मला लाज वाटते. पाहुणे गेल्यावर मी रुमालाने वरवर पुसलं आणि मला वाटलं, झालं स्वच्छ.

दसऱ्याला क्लब बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. सर गावाहून थेट मैदानावर आले, हातात पिशवी तशीच. "सगळा ठीक?" त्यांनी विचारलं. साहेब शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "हो सर." तेव्हा खरं बोलले असते तर दहा मिनिटांत ते पिस्तूल उघडून साफ झालं असतं. पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि वळतं. तिथे तिसऱ्याच गोळीला टरफल आत अडकून बसलं. एकदा माफ असतं. दुसऱ्यांदा अडकलं की न सुटलेल्या गोळ्यांचे गुण शून्य. दुसऱ्यांदाही अडकलं. माझी निवड गेली.

सरांनी तिथेच बाकावर पिस्तूल उघडलं, आगकाडी घातली आणि बाहेर काढली. तिच्या टोकाला लाल चिखल होता. त्यांनी तो हुंगला. तेवढ्यात साहेब चार लोकांना घेऊन आले आणि मोठ्याने म्हणाले, "परब, वय झालं तुमचं. पोरीचं वर्ष वाया घालवलंत." सर म्हणाले, "मी साफ करून गेल्लंय, साहेब. ह्या कुंकू आसा." "कुंकू?" साहेब म्हणाले, "आम्ही तर फक्त फुलं वाहिली. विचारा हिला, हीच होती." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या स्वतःच्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी क्लबचं शिफारसपत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही."

सरांनी आगकाडी खिशात ठेवली. आठवड्याभरात त्यांच्याकडून रेंजची किल्ली काढून घेतली. कागदावर कारण लिहिलं, निष्काळजीपणा. ज्या माणसाने आयुष्यात एक स्क्रू तिरका बसवला नाही, त्याला निष्काळजी म्हणणारा ठराव कमिटीने एकमताने केला. आणि माझ्या शिफारसपत्रावर सही झाली. त्यावर परवाना मिळाला, पुढे पदकं, पदकांवर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. लोक मला कर्तबगार म्हणतात.

महिन्याभराने मी घोडपदेवला त्यांच्या खोलीवर गेले. परबकाकींनी चहा ठेवला. मी "सर, माझं चुकलं" असं सुरू केलं, तर सरांनी हात वर केला. "माका सांगू नको. माका म्हायती आसा. ज्यांका म्हायती नाय, त्यांका सांग." मी मान हलवली. मग त्यांनी विषयच बदलला, मी स्वतःसाठी कोणतं पिस्तूल बघते आहे ते विचारलं, आणि पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदाराने काउंटरवर ठेवलेली तीन पिस्तुलं त्यांनी परत पाठवली. चौथं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "डोळे मिट." आजही मी त्यानेच खेळते. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मात्र मी काही सांगितलं नाही. अकरा वर्षं. आज सांगू, नोकरी पक्की झाल्यावर सांगू, साहेब निवृत्त झाल्यावर सांगू. साहेब निवृत्त झाले नाहीत, अध्यक्ष झाले.

तेच अध्यक्ष परवा शोकसभेत माइकवर म्हणाले, "वयोमानाने परबांच्या हातून एक चूक झाली होती, पण संस्थेने ती मोठ्या मनाने पोटात घातली." पहिल्या रांगेत काकी बसल्या होत्या. मी उठले. म्हटलं, "चूक त्यांची नव्हती. कुंकू तुम्ही लावलंत. ताट माझ्या हातात होतं. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले." अध्यक्ष सराईतपणे म्हणाले, "भावना आपण समजू शकतो. आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू." खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. माझं तोंड बंद करायला त्यांनी मेलेल्या माणसाची श्रद्धांजली वापरली. मी बोलत राहिले. नारळाचं पाणी, फोटोवाला, आगकाडी, शिफारसपत्र, सगळं त्या दोन मिनिटांत सांगितलं. कोणी मान वर केली नाही.

काकी तेवढ्या बसून होत्या, माझ्याकडे बघत. माझं संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ह्या ते आसताना बोलाचा होता, गो."