दाजींच्या खिशातला फॉर्म

आमचे सतीश दाजी शहापूरच्या एका ऑफिसात कारकून आहेत, पण किन्हवलीच्या आपल्या घरात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आहेत. हे मी म्हणत नाही. त्यांनीच एकदा जेवताना जाहीर केलं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी बाहेरून एम.ए. करायला घेतलं. विषय राज्यशास्त्र, आणि एका पेपरात अमेरिका आली. "बाबासाहेब ज्या देशात शिकले, तिथलं राज्य कसं चालतं ते ठाऊक नको?" असं ते एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा विचारतात. पाठांतर मोठ्यानं. संध्याकाळी ओटीवर दाजी येरझाऱ्या घालायचे आणि त्यांची मुलगी पौर्णिमा पुस्तक धरून चुका काढायची. कोपऱ्यात त्यांची आई, गोजाबाई, भिजवलेले वाल सोलत बसायची. तिला अक्षरओळख नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं.

अमेरिकेत काँग्रेस कायदा करते, तिला दोन सभागृहं, आणि राष्ट्राध्यक्ष कायदा राबवतो. दाजींच्या घरात आई सिनेट झाली आणि माझी बहीण वंदना प्रतिनिधिगृह. दोघींनी ठरवायचं, दाजींनी मान्यता द्यायची आणि अंमल करायचा. अंमल म्हणजे सिलिंडर आणणं आणि दळण टाकणं. एकदा त्यांनी वांग्याच्या भाजीवर नकाराधिकार वापरून पाहिला. "पप्पा, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की नकार मोडतो," पौर्णिमानं वाचून दाखवलं. मतं पडली. दाजींनी वांगी खाल्ली.

यंदा पौर्णिमा बारावी झाली आणि तिला नाशिकला नर्सिंगला जागा मिळाली. हॉस्टेलच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. दोन आठवड्यांत फॉर्म पोचला नाही तर जागा जाणार होती. सोमवारी आई आणि बायको दोघींनी होकार देऊन तो कागद दाजींपुढे ठेवला. दाजी "बघतो" म्हणाले आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते शहापूरच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले. भलतेच खुशीत होते.

"रूपेश, सरळ नाय म्हटलं तर दोघी मोडून काढतील. पण कागद खिशात ठेवला, आणि रविवार सोडून दहा दिवसांच्या आत काँग्रेसची बैठक उठली, तर तो आपोआप मरतो. तिकडं याला खिशातला नकार म्हणतात."

"आणि इकडं बैठक कशी उठणार?"

"आये उद्या धसईला निघालीय, माझ्या बहिणीकडं, सुंदराकडं. वंदना रविवारी तुमच्याकडं शेणव्याला. सभागृह रिकामं!"

मला राग आला. "दाजी, पोरीचं वरीस जाईल."

"इथं काय कॉलेजं नाय?" म्हणाले, आणि बस आली म्हणून पळाले. दाजींसमोर जास्त बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी गप्प बसलो. ते अजून मनाला लागतं.

रविवार गेला तरी वंदना आली नाही. फोन केला तर "सासूबाईंचा गुडघा धरलाय" म्हणाली. मग पुढच्या शनिवारी सकाळी मीच किन्हवलीला गेलो. ओटीच्या खांबावर चुन्याची बोटं उमटली होती. मला वाटलं, पान लावताना कुणीतरी हात पुसलाय.

"मोज," गोजाबाई म्हणाली.

"दहा आहेत, मावशी."

"रविवार सोडून दहा. मी धसईला गेले नाय, तुझी बहीण शेणव्याला गेली नाय. बैठक चालू व्हती." मग ती मुलाकडे वळली. "आता सांग रे सतीश. बैठक चालू आसताना दहा दिवस सही नाय केली, तर काय व्हतं?"

दाजींच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. सवयीनं त्यांनी पौर्णिमाकडे बघितलं. ती पुस्तक आणायला उठली.

"पुस्तक नको," म्हातारी म्हणाली. "सहीबिगर कायदा व्हतो. आता अंमल तुझा. सोमवारी नाशिकची गाडी."

दाजींनी खिशातून कागद काढला. घामानं घडीवर पिवळा पडला होता. मांडीवर पुसून पुसून सरळ केला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. पौर्णिमा रडायला लागली.

गोजाबाई मात्र आत गेली आणि पिशवी घेऊन आली. दहा दिवस भरून ठेवलेली होती. "बैठक उठली. मी चालले धसईला." गुडघ्याचं नावही नाही.

पिशवी उचलून दाजी स्टँडवर निघाले, मागून गोजाबाई आणि मी. गाडी दिसल्यावर दाजी हळूच म्हणाले, "आये, रोज सांजच्याला ती माझ्या चुका काढायची गो. ती गेल्यावर मी पाठांतर कुणाला ऐकवू?"

म्हातारीनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली.

"मला ऐकव. येवढं वरीस मी काय नुसते वालच सोलत व्हते?"