आईचा गुडघा आणि माझा तक्ता

माझ्या आईचा उजवा गुडघा नवा आहे, आणि तो वाया घालवायचं काम मी निव्वळ चित्रकलेच्या जोरावर जवळजवळ पार पाडलं होतं.

रत्नागिरीत माझा लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करायचा धंदा. आईच्या ऑपरेशननंतर दवाखान्यानं एक माहितीपत्रक दिलं. मुंगीएवढी अक्षरं, आणि चित्रात अर्ध्या चड्डीतली गोरी बाई गालिच्यावर पाय उचलत्येय! आईनं ते चष्मासुद्धा न लावता बाजूला ठेवलं.

"डॉक्टर, आमच्या बायकांना आमच्यातली बाई दाखवा!" मी तावातावानं म्हणालो.

"मग तुम्हीच काढा." (तिथेच गप्प बसायला हवं होतं.)

चार दिवस खपून मी मोठा रंगीत तक्ता केला. जे करायचं त्यावर हिरवी खूण, जे टाळायचं त्यावर लाल फुली. सगळ्यात ठसठशीत फुली होती जमिनीवर खवणी घेऊन नारळ खवणाऱ्या बाईवर, कारण आईला खवणी दिसली की राहवत नाही. एक तक्ता दवाखान्यात लागला, दुसरा आमच्या स्वयंपाकघरात.

आईनं तो पाच मिनिटं निरखला. माझा ऊर भरून आला.

"कळलं ना, काय करायचं नाही ते?"

"कळलं की! नारळ कसा धरलान बघ. बोटं कापून घेईल मेली!"

"अगं, म्हणून नाही फुली मारली..."

"मारायलाच हवी. चुकीचं खवत्ये ती."

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलून परत येतो तर आई तक्त्याखाली खवणीवर बसलेली, नारळाची अर्धी कवड खवून झालेली!

"हे बघ, असा धरायचा. चित्र बदल."

मग ती उठायला गेली आणि उठेना. चेहरा पांढराफटक. मी धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले आणि जीव खाऊन ओढले. कट्ट! गेला गुडघा! आईला कायमचं अंथरुणाला खिळवलं आपण, या विचारानं मला रडूच कोसळलं.

आवाज माझ्या कमरेतून आला होता. माझी बायको स्मिता शेजारच्या दोघींना घेऊन आली, तिघींनी आईला अलगद खुर्चीत बसवलं. मला मात्र चौघांनी उचललं.

दवाखान्यात आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. गुडघा ठणठणीत! मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मी स्ट्रेचरवर आडवा. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या सहाव्या चित्राकडे बोट केलं. एक माणूस पेशंटचे दोन्ही हात धरून ओढतोय, वर लाल फुली.

"हे कोणी काढलं?"

"ह्यानंच," आई खुर्चीतून म्हणाली. "बाई नाही जमली त्याला, पण माणूस हुबेहूब काढलान हो! अस्संच ओढलंन मला."