पेटीला पुढची तारीख

हातातलं काम संपलं की माणसं हुश्श करतात. आमचे अकोल्याचे मामेसासरे मात्र कासावीस होतात. जन्मभर वकिली केल्यामुळे कुठलंही प्रकरण एका तारखेत मिटतं यावर त्यांचा विश्वासच नाही. वकिली सोडल्यावर त्यांनी रंधा हाती घेतला, त्याला निमित्त झालं घरच्या महालक्ष्म्यांचं. भाद्रपदातला तो सगळा थाट मामा-मामींना झेपेनासा झाला, तेव्हा महालक्ष्म्या बंगलोरच्या मुलाकडे द्यायचं ठरलं. पण दोघींचे मुखवटे शाडूचे, पिढीजात आणि नाजूक. त्यांच्यासाठी लाकडी पेटी मामाजी स्वतः करणार आणि ती जमल्याशिवाय मुखवटे उंबरठा ओलांडणार नाहीत, असा त्यांनी निकाल दिला.

पहिली पेटी पुठ्ठ्याची झाली, दुसरी आंब्याच्या खोक्याच्या फळ्यांची. ही दुसरी मांडीवर घेऊन मामाजी एसटीनं अमरावतीला आमच्याकडे निघाले. मूर्तिजापूरला कंडक्टरनं विचारलं, "काका, पेटीत काय हाय?"

"सध्या नारळ हायेत. पास झाले त देव्या बसतीन."

आमच्या दारात पाणीसुद्धा न घेता त्यांनी झाकण काढलं, नारळ कानाशी हलवून पाहिले आणि खिन्नपणे म्हणाले, "जवाईबापू, डावीकडच्या देवीले मार लागून राह्यला." मग अस्तरासाठी आमची एक उशी उसवली गेली. मामींची गादी आधीच कामी आली होती. "या माणसानं घरात बसाले काई ठेवलं नाई," असं मामी फोनवर सांगत, आणि सांगताना हसत.

तिसरी पेटी सागवानी. ऐन मे महिन्यात केलेली. झाकण असं चपखल, की मधून केस जाणार नाही. मामाजींनी खुशीत मुखवटे आत ठेवले आणि पावसाळा नावाची गोष्ट विसरले. महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी साड्या नेसवून तयार, नैवेद्याचा वास घरभर, आणि फुगलेलं झाकण काही केल्या उघडेना! मामाजी करवत जवळ येऊ देईनात. शेवटी मामी केस वाळवायचं यंत्र घेऊन पेटीसमोर बसल्या. "वकीलसाहेब, भादव्यात पाऊस असते हे मालूम नवतं?" बऱ्याच वेळानं झाकण सुटलं, तेव्हा आम्ही देवीआधी मामींनाच नमस्कार केला.

यंदाच्या पेटीत पाऊस पिऊन फुगायलाही जागा सोडली होती. सगळे भोवती जमलो. मामाजींनी एका बोटानं झाकण उचललं. आत दोघी जशाच्या तशा. आम्ही टाळ्या पिटल्या. बंगलोरहून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, झालं मग! विसर्जन झालं का सोबतच नेतो."

मामाजींचा फुललेला चेहरा हळूच मामींकडे वळला. मामींनी झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. त्यावर हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "आवाज येते."

"कुठं येते?" मुलगा म्हणाला.

"येते. अजून एक तारीख घ्या, वकीलसाहेब."

मी अगदी जवळ बसलो होतो. झाकण मुळीच वाजलं नव्हतं. आयुष्यात एकही मुद्दा वाद घातल्याशिवाय न सोडणारे मामाजी, "येते खरा," एवढंच म्हणाले आणि रंधा शोधायला उठले.