थेंब थेंब मीठ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. हायस्कुलात विज्ञान शिकवतो मी, ठेवून चालणार कसं? तरीही नव्वदच्या दशकाच्या शेवटी, कोल्हापूरजवळच्या कळंब्यात, भर दुपारी आईवरून मीठ-मोहऱ्या उतरून तलावाच्या रस्त्यावर टाकणारा हात माझाच होता. विज्ञान तेव्हा घरी पंख्याखाली बसलं होतं.

कारण आई मला ओळखेनाशी झाली होती. "पावणं, उभं का? बसा की," म्हणायची... आणि मी निमूट बसायचो. पोटच्या पोरानं पाहुणा व्हायचं म्हणजे काय, ते तिथं कळलं.

तिला कॉटच्या पायथ्याशी एक बाई दिसायची. "मीठ मागत्या ती. पण एकदम नगं म्हणत्या. थेंब थेंब द्या म्हणत्या."

मीठ, आणि थेंब थेंब?

पेठ वडगावहून आत्या आली. "बाहेरचं हाय हे. वैनीला अळणी घाला, देवीला बोललोय मी." झालं! आईच्या ताटातलं मीठ बंद. कोल्हापुरात अळणी रस्सा... भूतसुद्धा पळेल, असं मी म्हणून बघितलं. कुणी हसलं नाही. आई रोज आणखी लांब जात होती. दिवसभर भिंतीशी बोलायची, घास थुंकायची. वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं बोलणं निघालं, तेव्हा मी न्हाणीत नळ सोडून रडलो.

त्याआधी एकदा दाखवू म्हणून मनोविकारांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "आधी रक्त तपासू. साखर, थायरॉईड, सोडियम. मग मनाकडं वळू."

"दुखनं डोस्क्याचं, अन् रगात दंडातलं काढतासा व्हय?" आत्या.

सोडियम पार तळाला गेलं होतं. आईला नुकतीच सुरू झालेली ब्लडप्रेशरची गोळी लघवीवाटे मीठ काढून टाकत होती, आणि राहिलेलं आम्ही भक्तिभावानं तोडलं होतं! लगेच ॲडमिट करून मिठाचं सलाईन लावलं. ते इतकं सावकाश पडत होतं की मला बघवेना. नळीवरचं चाक जरा सैल करावं म्हणून हात घातला...

आईनं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच. "पावणं, थेंब थेंब. घाई केलीसा तर म्हातारी जाईल म्हणत्या ती."

तेवढ्यात डॉक्टर धावत आले. "हात काढा! सोडियम झटकन वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते!"

हळूहळू आई परत आली. एका सकाळी नीट माझ्याकडं बघून म्हणाली, "बाळ्या, दाढी कशाला वाढवलीस रं मुडद्या?" एवढी गोड शिवी मी जन्मात खाल्ली नाही. त्या बाईचं विचारलं तर तिला काही आठवेना.

डॉक्टरांना त्या बाईचं सगळं सांगून विचारलं. "शरीराला मीठ कमी पडलं की ते मागतं. नवल नाही."

"आणि सावकाश द्या, हे कोण मागतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आई बऱ्या झाल्या ना?"

झाल्या. पण त्या दिवशी माझं मनगट कुणी धरलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.