हललेली खसखस

फोन वहिनीचा होता. फोनवर ती कधी आधी बोलत नाही, आपण बोलण्याची वाट बघते. त्या सकाळीही ती गप्पच राहिली... आणि तिच्या मागे नेहमी ऐकू येणारी ऑक्सिजनच्या यंत्राची घुमघुम ऐकू येत नव्हती. मी ‘येते’ एवढंच म्हणाले आणि चपला पायात सरकवल्या. रिक्षात बसल्यावर मात्र मला रडू आवरेना.

गेला तो माझा सख्खा मोठा भाऊ. आमचे वडील नांदेडकडून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. दादा टेलिफोन खात्यात चिकटला आणि गौलीगुड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याने सगळा संसार केला. निवृत्त झाल्यावर माणसं गावोगाव फिरतात, नाहीतर घरातल्यांच्या डोक्यावर बसतात. दादाने तिसराच उद्योग काढला. कोठीच्या बाजारात जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे तो जाऊन बसायचा आणि मोडीत निघालेल्या यंत्रांमधल्या लहान लहान लेन्स उचलून आणायचा. एकदा मी सोबत होते. बोटाच्या पेराएवढी एक लेन्स दादाने निवडली, तशी दुकानदाराला हसू आलं. ‘‘इत्ती सी चीज का क्या करते साब? बच्चे भी नक्को बोलते इसको.’’ दादा म्हणाला, ‘‘उल्टा लगातौं मियाँ, उल्टा!’’ त्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं काही पाहिलं, की या भल्या माणसाला घरी नीट घेऊन जा म्हणतोय की काय असं मला वाटलं.

पण ते खरंच होतं. घरगुती सिनेमा काढायच्या जुन्या कॅमेऱ्याची ती लेन्स होती. मोठं दृश्य चिमुकल्या फिल्मवर उतरवण्यासाठी बनवलेली. ती उलटी बसवली, की चिमुकली वस्तू मोठी होऊन दिसते, हे दादाने मला इतक्या वेळा समजावलं, की आता मीही कुणाला समजावू शकेन. नळाच्या पाइपाचा तुकडा, आतून काळा कागद, पुढे ती उलटी लेन्स आणि मागे कॅमेरा, असा सगळा जुगाड. खाली एका मोडक्या मायक्रोस्कोपचा पाया, त्याची कळ फिरवली की कॅमेरा केसभर पुढे सरकायचा. इतक्या जवळून दाण्याचा एक पातळसा थरच स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर. म्हणून कळ केसभर फिरवायची, थांबायचं, फोटो काढायचा, पुन्हा फिरवायची. मग ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकत्र केले, की एक अख्खा फोटो तयार होतो. हे चालू असताना घरात कुणी हलायचं नाही. पंखा बंद, कुकर बंद. दादा ‘थांबा’ म्हणाला, की वहिनी हातातलं लाटणंसुद्धा तसंच धरून ठेवायची. एकदा मी दारात एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी राहिले होते. मनात त्याला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

असे फोटो काढणारे लोक म्हणे किडे मारून टेबलावर ठेवतात. दादाला ते जमेना. ‘‘रोज पंचशील म्हणायचं आणि फोटोसाठी मुंगी मारायची? मग बाबांनी शिकवलं काय आपल्याला?’’ म्हणून तो खिडकीत मरून पडलेल्या माश्या आणि चिलटं गोळा करायचा आणि डबीत ठेवायचा. ती डबी एक दिवस मसाल्याच्या डब्याशेजारी सापडली आणि वहिनीचा तोल गेला. तिने बेगम बाजारातून आणलेल्या खसखशीची चिमूट त्याच्या टेबलावर आपटली. ‘‘हे घ्या. हे मारावं लागत नाही, पळतही नाही.’’ रागात केलेली ती गोष्ट दादाला अशी लागू पडली, की माश्या सुटल्या त्या कायमच्याच. खसखशीचा दाणा त्या लेन्समधून पाहिला तर मूत्रपिंडासारखा वाकलेला असतो आणि त्याच्यावर जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. येसराच्या मसाल्यात घालून जन्मभर खाल्लेली वस्तू अशी असते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मग तीळ झाले, ओवा झाला, दगडफूल झालं. पण त्याचा जीव खसखशीवरच. एका दाण्याचा, जाळीची कड न् कड स्पष्ट दिसेल असा एक फोटो काढायचा, एवढंच त्याने मनात धरलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच त्याची फुप्फुसं कामातून गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास लावायला सांगितलं. ते यंत्र जमिनीवर थरथरतं, जमिनीवरून ती थरथर टेबलात शिरते आणि खसखशीचा दाणा त्या लेन्ससमोर नाचू लागतो. दादाने यंत्राखाली रबर घातलं, वहिनीने गोधडीची घडी घातली. फरक पडला, पण पुरेसा नाही. ऑक्सिजनचा एक सिलिंडर घरात होता, त्याचा आवाज नव्हता न् थरथरही नव्हती. पण तो करंट गेल्यावर लागेल म्हणून वहिनी त्याला हात लावू देत नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. शेवटी एका दुपारी ती गच्चीवर कपडे आणायला गेली असताना दादाने यंत्र बंद केलं आणि फोटो काढायला बसला. ती खाली आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि बोट अजून कॅमेऱ्याच्या बटणावर होतं.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा भांडण ओसरलं होतं, पण वहिनीचा राग गेला नव्हता. ‘‘ह्यांना विचारा ताई, फोटो पाहिजे का मी पाहिजे.’’ दादा खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, ‘‘यंत्र नाही बंद करणार. शब्द देतो. पण मग फोटो तू काढ.’’

वहिनीने तोवर मोबाइलवरही कधी धड फोटो काढला नव्हता. पण ती बसली. मी दादाला शेवटचं पाहिलं ते असंच. तो आतल्या खोलीत पलंगावर, नाकात नळी. बाहेर टेबलापाशी वहिनी, पदर खोचून.

‘‘फिरवली का?’’

‘‘फिरवली.’’

‘‘थांब आता.’’

‘‘थांबले हो. तुम्ही बोलू नका, दम लागतो.’’

यंत्र चालूच होतं. फोटो कॉम्प्युटरवर एकत्र झाला, तिने तो आत नेऊन दाखवला. दाणा ओळखू येत होता, जाळी मात्र पुसट. दादाने मान हलवली. ‘‘हललाय. काढून टाक. उद्या बघू.’’ असे उद्या पुष्कळ झाले म्हणे. त्याला हवा होता तसा फोटो काही निघाला नाही, आणि त्याने दिलेला शब्दही मोडला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, यंत्र ज्यांचं होतं ते घेऊन गेले. परवा दुपारी मी वहिनीकडे गेले. तिने मला चहा दिला आणि कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर खसखशीचा एक दाणा होता. जाळीची प्रत्येक कड, कोपऱ्यातला धुळीचा कणसुद्धा स्पष्ट. आदल्या दिवशी एकटीने बसून काढला होता. माझे डोळे भरून आले. ‘‘वहिनी, हाच! दादाला हवा होता तो हाच.’’

‘‘हौ,’’ ती म्हणाली. मग तिने दुसरा फोटो उघडला. तोच दाणा, पण पुसट, थरथरलेला. मग आणखी एक. आणखी एक. दादाने काढून टाकायला सांगितलेला एकही तिने काढला नव्हता. त्यातलाच एक तिने मोठा करायला दिला आहे, भिंतीवर लावायला.

‘‘पण वहिनी, तो चांगला आलेला का नाही दिला?’’

‘‘चांगला आलाय हो ताई,’’ ती म्हणाली. ‘‘पण तो काढला तेव्हा आतल्या खोलीत कुणी नव्हतं.’’