उरलेलं औषध

धुळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये एक मदतनीस होते. पेशंट घाबरला की कपाळावर हात ठेवून अहिराणीत धीर द्यायचे, "डोया मिटी ले. बठ्ठं चांगलं व्हई."

भुलीचं केटामिन बाटलीत उरलं, तर ते फेकायचं काम त्यांचंच. बायको वारल्यावर एकदा ते त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. घटकाभर दुःख लांब गेलं. मग तेवढ्यानं भागेना. प्रमाण वाढत गेलं, बोलताना शब्द हरवू लागले, माणसांची नावं आठवेनात. मला कळत होतं, पण मी गप्प राहिले.

औषधांच्या कपाटाची चावी त्यांच्याकडेच असायची; एका दुपारी ती त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली.

"सिस्टर, आते मन नही मांगत, डोकंच मांगस. मी कितीही मागितली तरी देऊ नका."

तिसऱ्याच दिवशी ते हात जोडून समोर उभे राहिले. मी नाही म्हटलं. चौथ्या दिवशी ते रडले, तरी नाहीच म्हटलं. पाचव्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा मी फार दमले होते. मी चावी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि वॉर्डात निघून गेले.