पोटातला अधिक श्रावण

ज्या वर्षी दोन श्रावण आले, त्या वर्षी आश्विन शुद्ध द्वितीयेला, सकाळी आठच्या सुमारास, जव्हारमधल्या आमच्या घरात माझ्या बायकोच्या पोटाचा एक महिना कमी भरला. खोलीत तिघी होत्या. माझी बायको, माझी आत्या आणि वांगणीकडच्या एका पाड्यावरून बाजाराला आलेली सुईण. मी ओटीवर होतो. मधली भिंत कुडाची असल्याने आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मी संस्थानच्या कचेरीत कारकून होतो आणि ठाण्याच्या एका साप्ताहिकाला दर पंधरवड्याला बातमीपत्र पाठवत असे. पाऊस किती, भात कसे, दरबार कधी भरला, वाघाने काय नेले. संपादकांचा दंडक होता की काय घडले, कुठे आणि कधी, एवढेच लिहावे; वाटले ते लिहू नये. तो मी आजवर पाळला आहे. फक्त त्या वर्षी एकदा चूक झाली. नाचणीच्या बातमीत मी लिहिले की पीक सहाव्या महिन्यात असून हालचाल चांगली आहे. संपादकांनी मजकूर परत पाठवला आणि खाली लिहिले, "नाचणीची हालचाल कोणी पाहिली?"

प्रश्न एवढाच होता की बायकोला बाळंतपणासाठी माहेरी जाता येणार की नाही. तिचे माहेर मोखाड्याचे. मोखाडा संस्थानाबाहेर, इंग्रजी अंमलात. सकाळी निघालेली बैलगाडी दिवस मावळताना पोचत असे, तीही ओढ्यांना पाणी नसेल तर. भाद्रपदात ओढे उतरत नव्हते. ते उतरू लागले तेव्हा पितृपंधरवडा लागला, आणि त्यात गरोदर बाईला घराबाहेर काढायला आत्या तयार नव्हती. म्हणजे जायचे तर आश्विनात. पण आत्याचा दुसरा नियम असा की सातव्या महिन्यात गाडीत बसावे, आठव्यात अजिबात बसू नये. आश्विन हा सातवा की आठवा, यावर सगळे अडले होते.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी विधवा होऊन परत आली आणि आई गेल्यावर घर तिनेच चालवले. तिचा हिशेब सरळ होता. सून गुढीपाडव्याला बाहेर बसली होती, गुढीला तिचा हात लागला नव्हता, हे सगळ्या आळीला माहीत होते. वैशाखात ती बसली नाही. तेव्हा चैत्र पहिला, वैशाख दुसरा, असे मोजत गेले की मधला अधिक श्रावण धरून आश्विन आठवा येतो.

बायकोचे म्हणणे होते की अधिक महिना धरायचाच नाही. ती म्हणाली, "अधिकात लग्न नाही, मुंज नाही, घर बांधायला कुणी घेत नाही. मग नाकडोळे बांधायला कोण घेईल?"

आत्या म्हणाली, पोटाला पंचांग वाचता येत नाही.

मी जोशीबुवांना विचारून आलो. त्यांनी सांगितले की व्रताला अधिक वेगळा, गर्भाला वेगळा नाही, महिना धरावा. हे मी घरी जसेच्या तसे सांगितले. बायको त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर वाढत होती.

दवाखान्याच्या डॉक्टरांकडे बाळंतशास्त्राचे एक इंग्रजी पुस्तक होते. ते त्यांनी मला वाचायला दिले. पोटातल्या बाळाची वाढ त्यात चित्रांसह दिली होती. रविवारी जेवणे झाली की मी त्यातला चालू महिना मराठीत सांगत असे. आत्या माजघरात पाठ करून बसे आणि ऐकत नसल्याचे दाखवी. दुसऱ्या महिन्यात हातापायांचे कोंब फुटतात आणि काळीज त्याआधीच चालू झालेले असते, हे ऐकल्यावर ती आमच्याकडे तोंड करून बसली आणि पुन्हा पाठ केली नाही. हाडे होण्याआधी काळीज कसे, असे तिने तीनदा विचारले. पुस्तकात कारण दिलेले नव्हते.

मापे इंचांत होती. बायकोला ती घरातल्या वस्तूंत हवी असत. तिसऱ्या महिन्याला मी करंगळीएवढे म्हटले, चौथ्याला कोवळी काकडी. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी काकडी चिरली गेली नाही. शेजारणीने आणून दिलेल्या दोन काकड्या आत्याने पदराखाली झाकून गाईला नेऊन घातल्या, आणि गाय त्या सावकाश खात असताना आत्या तोंड फिरवून उभी राहिली.

पुस्तकात दिवस आठवड्यांनी मोजले होते. चाळीस आठवडे, म्हणजे चार आठवड्यांचा एक असे दहा महिने. तेवढे पूर्ण भरले की नखे बोटांच्या पुढे येतात, असेही होते. हे मी वाचले त्या रविवारी आत्या प्रथमच माझ्या अंगावर आली.

"दहा महिने म्हशीला लागतात," ती म्हणाली. "मिटव ते पुस्तक."

पुढचा महिना कधी वाचायचा, हे आत्याच्या मोजणीवर ठरत होते. पाचव्या महिन्यात बाळ हलल्याचे आईला कळते, असे पुस्तकात होते. अधिक श्रावण हा आत्याचा पाचवा. तो पूर्ण गेला, काही हलले नाही. आत्याने देवापुढे तुपाचा दिवा लावला आणि कुणाला काही सांगितले नाही. मी डॉक्टरांना दोनदा भेटलो. निज श्रावणाच्या पौर्णिमेच्या आसपास बायको तांदूळ निवडता निवडता थांबली, सूप खाली ठेवले आणि म्हणाली, आत मासळी वळल्यासारखे झाले. मी कचेरीत गेलो आणि जंगलातल्या लाकडाच्या एका अर्जावर शेऱ्याच्या जागी "हलले" असे लिहिले. वरिष्ठांनी विचारले, काय हलले. मी शाई पुसून काढली.

बायकोने याचाही उपयोग केला. अधिकात ते हलले नाही, निजात हलले, तेव्हा अधिकात ते थांबले होते हे उघड आहे, असे ती आळीभर सांगू लागली. दोन बायकांना ते पटले.

अशा स्थितीत आश्विन लागला. द्वितीयेला बाजार होता. आत्याने सुईणीला घरी बोलावले. वांगणीच्या बाजूला ती नावाजलेली होती. ती महिने मोजत नसे. पोट हाताने चाचपायची आणि बेंबीपासून बोटे मोजायची. आत्याला वाटत होते की ही आठवा म्हणेल आणि वाद मिटेल.

सुईणीने हात धुतले, शेकोटीवर धरून ऊन केले आणि पोट चाचपले.

"बेंबीच्या वर दोन बोटां," ती म्हणाली. "सातवा लागलाय. आठवा नाय."

आत्याने पुन्हा बघायला सांगितले. सुईणीने पुन्हा पाहिले. दोनच बोटे. आठव्यात चार-पाच भरतात, ती म्हणाली.

बायको जिंकली असे मला ओटीवर वाटले. मी उठून उभा राहिलो. पण आत्याने भलताच अर्थ काढला. पाडव्यापासूनचे दिवस तिच्या बोटांवर होते, ते चुकणे शक्य नव्हते. मग पोट लहान का? पोर वाढत नाही. पोर सुकते आहे. तिचा आवाज बदलला. गाडी नाही, माहेर नाही, जिना नाही, विहीर नाही. बाळंत होईपर्यंत अंथरुणावर पडून राहायचे आणि दोन वेळा दूध-शतावरी घ्यायची. तिने मला हाक मारून डॉक्टरांना बोलावायला सांगितले. मी वहाणा घातल्या.

तेवढ्यात बायको म्हणाली, "आत्याबाई, पोर सुकलेलं नाही. मोजायला पाडव्यापासून घेऊ नका."

"मग कधीपासून?"

"वैशाखाच्या प्रतिपदेपासून. मी मोखाड्याला होते तेव्हा पुन्हा बाहेरची झाले."

मी वहाणा घालून तिथेच उभा राहिलो. चैत्राच्या शेवटी ती आठ दिवस माहेरी गेली होती, हे खरे होते. तिच्या आईकडे अक्षय्य तृतीयेला चैत्रगौरीचे शेवटचे हळदीकुंकू असे.

"बाहेरची झालीस," आत्या म्हणाली. "आणि बाजूला बसलीस?"

"नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. लग्नानंतरचं माहेरचं पहिलं हळदीकुंकू होतं. मला बसायचं नव्हतं कोपऱ्यात."

आत्याने यापुढे जे विचारले ते एखाद्या बातमीदाराने विचारावे तसे होते. आवाज चढला नाही.

"आंब्याची डाळ कुणी केली?"

"मी."

"पन्हं?"

"तेही मी."

"गौरीचा झोपाळा?"

"मी सजवला."

"बायका किती आल्या होत्या?"

"चाळीसच्या वर."

"कुणाला काही बाधलं?"

"कुणाला काही नाही. एकीला तेवढे दिवस गेले."

"कुणाला?"

"मला."

प्रथम सुईण हसली. तिला झोपाळा आणि डाळ यांचे काही नव्हते, पण हिशेब कळला होता. मग मी सांगत होते ते काय वेगळे, असे ती आत्याला म्हणाली. आत्या हसली की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी तोपर्यंत परसात गेलो होतो आणि गाईच्या गळ्यात हात टाकून उभा होतो. गाईने एकदा मान झटकली.

परत आलो तेव्हा आत्या ओटीवर होती. तिने बोटांवर पुन्हा मोजले. वैशाख पहिला, ज्येष्ठ, आषाढ, अधिक चौथा, निज पाचवा, भाद्रपद सहावा. अधिक धरला होता. आश्विन तरीही सातवा आला.

"गाडी सांगून ये," ती मला म्हणाली. "आणि हे तुझ्या त्या पत्रात जाता कामा नये."

गेले नाही. आत्याला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, म्हणून येथे लिहिले आहे.

विधवा असल्याने आत्याला हळदीकुंकवाचे बोलावणे कधी येत नसे. त्या दुपारी तांदूळ निवडताना तिने बायकोला विचारले, मोखाड्याकडे डाळीत कैरी किसून घालतात की तुकडे करून. बायकोने सांगितले, किसून. तुकडे बरे लागतात, आत्या म्हणाली.

तृतीयेला शेजारच्या पाच सवाष्णींनी ओटी भरली. पंचमीला पहाट फुटल्यावर गाडी निघाली. तळाशी हातभर पेंढा, त्यावर दोन गोधड्या, आणि गाडीवानाला दम की बैल पळाले तर भाडे नाही. आत्याने देवीचा नंदादीप सोडला नाही, म्हणून ती दारातूनच मागे फिरली. मी गाडीमागे चालत होतो. पुस्तकाप्रमाणे सातव्या महिन्यात बाळाच्या पापण्या उघडतात. हे मी बायकोला वाटेत सांगितले. तिने विचारले, आत अंधार असताना उघडून काय करते. मी म्हटले, पुस्तकात नाही. ती म्हणाली, तुमच्या पुस्तकात कामाचे काहीच नसते, आणि एवढी हसली की गाडीवानाने बैल थांबवले.

हद्दीजवळ जंगलखात्याच्या शिपायाने गाडी अडवली आणि माणसे किती म्हणून विचारले. मी तीन म्हणून सांगितले.

"साडेतीन," गाडीतून आवाज आला.

शिपायाने आत डोकावून पाहिले आणि गाडी सोडली. दिवे लागण्याआधी आम्ही मोखाड्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी मी पायी जव्हारला परत आलो, आणि दसऱ्याच्या दरबाराची बातमी वेळेवर पाठवली.

पौष शुद्ध त्रयोदशीला, सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात, मोखाड्यात मुलगी झाली. निरोप घेऊन निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या दारात आला. त्याने सांगितले ते असे: दोघी बऱ्या आहेत, डोक्यावर केस आहेत, आणि नखे बोटांच्या पुढे आलेली आहेत.